बीबी का मकबरा : दिलरस बानू बेगमेचे माहेर

छत्रपती संभाजीनगर शहराच्या उत्तरेस, बेगमपुऱ्याजवळ, डोंगररांगेच्या पायथ्याशी 'बीबी का मकबरा' ही वास्तू उभी आहे. मुख्य दालनात गेल्यावर संगमरवरी जाळीच्या अष्टकोनी कठड्यावरून खाली डोकावले, की तळघरातील साधी कबर दिसते. ही कबर दिलरस बानू बेगमेची. शहजादा औरंगजेबाची पहिली पत्नी आणि शहजादा आझमची आई एवढीच तिची ओळख बहुतेकांना असते. पती आणि पुत्र यांच्या नावांनी तिचा इतिहास सांगितला जातो; तिच्या माहेराचा विचार क्वचितच होतो.

वास्तविक दिलरस बानूचे पितृकुल हे सतराव्या शतकातील हिंदुस्थानातील अत्यंत प्रतिष्ठित कुलांपैकी एक होते. इराणमध्ये सफवी राजवटीची स्थापना करणाऱ्या शाह इस्माईलपर्यंत तिची वंशरेषा पाच पिढ्यांत पोहोचते. विशेष म्हणजे, ही वंशरेषा ज्या ग्रंथाच्या आधारे जोडता येते, तो ग्रंथ याच शहरात, तिच्या मृत्यूनंतर शंभरएक वर्षांच्या आत लिहिला गेला. एका स्त्रीची कबर आणि तिच्या घराण्याचा लेखी पुरावा, दोन्ही एकाच गावात असण्याचा हा योग दुर्मीळच म्हणावा लागेल.

नावामुळे होणारा गैरसमज

वंशावळीचा शोध घेताना पहिला अडसर नावाचा येतो. स्थानिक बोलीत आणि अनेक माहितीपुस्तिकांत या बेगमेचा उल्लेख 'राबिया दुर्राणी' असा केला जातो. त्यामुळे ती अफगाणांच्या दुर्राणी टोळीतील असावी, असा समज सहज होतो. हा समज टिकणारा नाही. अहमदशाह अब्दालीने 'दुर्राणी' हे उपपद १७४७ मध्ये, राज्यारोहणाच्या वेळी धारण केले आणि त्यानंतर ते त्याच्या टोळीला लागले. दिलरस बानूचा मृत्यू त्याच्या नव्वद वर्षे आधी, १६५७ मध्ये झाला होता.

मूळ उपाधी 'राबिया-उद-दौरानी' अशी आहे. 'दौर' म्हणजे काळ, युग. आठव्या शतकातील बसरा येथील सूफी संत राबिया हिच्या नावावरून 'आपल्या युगातील राबिया' या अर्थाने ही उपाधी बेगमेला मरणोत्तर दिली गेली. तेव्हा 'राबिया' हे तिचे जन्मनाव नाही आणि 'दौरानी' हे आडनावही नाही. मोगल अंतःपुरातील स्त्रियांच्या बाबतीत असे वारंवार घडते. जन्मनाव मागे पडते, किताब रूढ होतो आणि काही पिढ्यांनंतर किताबालाच नाव समजून त्यावरून कुळ ठरवले जाते. वंशशोधकाने म्हणूनच प्रथम नाव आणि किताब वेगळे करावे लागतात.

औरंगाबादेत लिहिलेला ग्रंथ

मोगल सरदारांच्या घराण्यांची माहिती देणारे सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे 'मआसिर-उल-उमरा' हा फारसी चरित्रकोश. त्याचा कर्ता समसाम-उद-दौला शाहनवाजखान हा १७०० मध्ये लाहोर येथे जन्मला आणि तरुण वयात औरंगाबादेस आला. निजामाच्या सेवेत त्याने वऱ्हाडची दिवाणी सांभाळली. निजाम-उल-मुल्काविरुद्ध नासिरजंगाने केलेल्या बंडात सहभागी झाल्यामुळे त्याला पदच्युत व्हावे लागले. त्यानंतरची सुमारे पाच वर्षे त्याने एकांतात काढली आणि याच काळात या ग्रंथाची रचना केली. पुढे तो पुन्हा सत्तेत आला आणि सलाबतजंगाच्या काळात मुख्य कारभारी झाला. मे १७५८ मध्ये औरंगाबादेत झालेल्या दंगलीत त्याचा खून झाला.

त्या धामधुमीत त्याचा वाडा लुटला गेला आणि ग्रंथाची हस्तलिखिते विखुरली. त्याचा मित्र मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी याने ती प्रयत्नपूर्वक गोळा केली. पाणचक्कीजवळील बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियात काही काळ राहिलेल्या या विद्वान कवीची कबर खुलदाबाद येथे आहे. शाहनवाजखानाचा मुलगा अब्दुल हय्य याने भर घालून १७८० मध्ये ग्रंथ पूर्ण केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने त्याची फारसी संहिता प्रसिद्ध केली आणि पुढे हेन्री बेव्हरिज व बेनी प्रसाद यांच्या परिश्रमातून त्याचे इंग्रजी भाषांतर सिद्ध झाले. मराठ्यांच्या इतिहासासाठीही हा ग्रंथ महत्त्वाचा आहे. सिंदखेडच्या जाधवरावांची माहिती त्यात स्वतंत्र नोंदीत आढळते.

या ग्रंथातील सफवी मिर्झांच्या चरित्रांतून दिलरस बानूच्या वडिलांचे आणि आजोबांचे घराणे उलगडते. तथापि एकाच ग्रंथावर विसंबून वंशावळ पक्की होत नाही. या बाबतीत सुदैवाने दुसरी बाजूही उपलब्ध आहे. अबुल फजलाच्या 'आइन-इ-अकबरी'त अकबराच्या पाच हजारी मनसबदारांमध्ये या घराण्यातील दोन भावांची नावे आहेत, तर इराणच्या दरबारात इस्कंदर बेग मुन्शीने १६२९ मध्ये पूर्ण केलेल्या 'तारीख-इ-आलम-आरा-इ-अब्बासी' या इतिहासात याच भावांची कंदाहारमधील हकीकत येते. परस्परांचे प्रतिस्पर्धी असलेल्या दोन दरबारांच्या लेखकांनी एकच नाते सांगितले असेल, तर त्या नात्याचे वजन वाढते.

शाहनवाजखान नेमका कोणता?

दिलरस बानू ही 'शाहनवाजखानाची मुलगी' असे सर्वत्र म्हटले जाते. परंतु एकट्या औरंगाबाद परिसराच्या इतिहासात या किताबाचे तीन पुरुष येतात. शाहनवाजखान हे कोणाचेही जन्मनाव नव्हे; तो बादशहाने दिलेला किताब होता आणि एका सरदाराच्या मृत्यूनंतर तो दुसऱ्याला दिला जात असे.

पहिला शाहनवाजखान म्हणजे अब्दुर्रहीम खानखानानचा मुलगा मिर्झा इरज. त्याने १६१६ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातील रोषणगाव येथे मलिक अंबरचा पराभव केला आणि मलिक अंबरने वसवलेल्या खडकीची, म्हणजे पुढच्या औरंगाबादेची, नासधूस केली. त्याची मुलगी १६१७ मध्ये शहजादा खुर्रम म्हणजे भावी शाहजहान याला दिली होती. घोटाळा होतो तो येथेच. शाहनवाजखानाची एक मुलगी शाहजहानची पत्नी आणि शाहनवाजखानाचीच दुसरी मुलगी औरंगजेबाची पत्नी, असे वाचले म्हणजे बाप-लेकांनी सख्ख्या बहिणींशी विवाह केला, असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. प्रत्यक्षात या दोन स्त्रियांचे वडील भिन्न होते आणि त्यांचा परस्परांशी संबंध केवळ किताबापुरता होता. मिर्झा इरज १६१९ मध्ये मरण पावला. दिलरस बानूचा जन्म १६२२ च्या सुमारास झाला.

दुसरा शाहनवाजखान हाच दिलरस बानूचा पिता. त्याचे जन्मनाव मिर्झा बदीउज्जमान सफवी. तिसरा शाहनवाजखान म्हणजे वर उल्लेखिलेला 'मआसिर-उल-उमरा'चा कर्ता. त्याचे मूळ नाव मीर अब्दुर्रज्जाक असून त्याचे घराणे खोरासानातील खवाफ येथून आलेले होते. सफवी राजकुलाशी त्याचा संबंध नव्हता. एका शाहनवाजखानाची हकीकत दुसऱ्या शाहनवाजखानाने लिहिल्यामुळे वाचकाने अधिकच सावध राहणे आवश्यक ठरते.

कंदाहार ते तब्रीझ : पाच पायऱ्या

ज्ञाताकडून अज्ञाताकडे एकेक पिढी मागे जाणे, हा वंशशोधाचा सर्वमान्य मार्ग होय. त्यानुसार पहिली पायरी मिर्झा बदीउज्जमान ऊर्फ शाहनवाजखान याची. तो शाहजहानच्या दरबारातील मातब्बर सरदार होता.

दुसरी पायरी दिलरस बानूचे आजोबा मिर्झा रुस्तुम यांची. कंदाहार आणि जमिनदावर या सरहद्दीवरील मुलुखात त्यांच्या घराण्याचा अंमल होता. भाऊबंदकी आणि उझबेकांचा वाढता जोर यांमुळे तेथे राहणे कठीण झाले, तेव्हा १५९३ मध्ये मिर्झा रुस्तुम अकबराच्या आश्रयास आले. अकबराने त्यांना पाच हजारी मनसब आणि मुलतानचा मुलूख दिला. दोन वर्षांनी त्यांचे थोरले भाऊ मिर्झा मुझफ्फर हुसेन यांनीही कंदाहार अकबराच्या स्वाधीन केले व ते हिंदुस्थानात आले. मिर्झा रुस्तुम यांनी जहांगीरच्या काळात सुभेदाऱ्या केल्या आणि १६४२ मध्ये आग्रा येथे वृद्धापकाळी देह ठेवला. नातीचा विवाह आणि पणतीचा जन्म त्यांच्या हयातीत झाला होता.

तिसरी पायरी पणजोबा सुलतान हुसेन मिर्झा यांची. १५५८ मध्ये इराणच्या शाह तहमास्पने कंदाहार जिंकले व ते आपल्या या पुतण्याच्या हवाली केले. चौथी पायरी खापरपणजोबा बहराम मिर्झा यांची. ते शाह तहमास्पचे सख्खे भाऊ असून चित्रकला व सुलेखन यांचे रसिक आश्रयदाते होते. त्यांच्यासाठी दोस्त मुहम्मद या कलावंताने १५४४ मध्ये सिद्ध केलेला चित्रसंग्रह आज इस्तंबूल येथील तोपकापी राजवाड्यात जतन करून ठेवला आहे. त्याच वर्षी राज्य गमावलेला हुमायून इराणच्या आश्रयास गेला होता. बहराम मिर्झांचे बंधू त्या वेळी यजमान आणि हुमायून याचक होता. पुढे पन्नास वर्षांच्या आत बहराम मिर्झांचे नातू हुमायूनच्या मुलाकडे आश्रयास आले.

पाचवी पायरी शाह इस्माईलची. १५०१ मध्ये तब्रीझ येथे राज्यारोहण करून त्याने सफवी राजवट स्थापिली आणि शिया पंथ हा इराणचा राजधर्म ठरवला. १५२४ मध्ये तो मरण पावला. बहराम मिर्झा हे त्याचे पुत्र होत.

नावांची पुनरावृत्ती हाही वंशशोधातील एक धागा असतो. सुलतान हुसेन मिर्झांच्या एका भावाचे नाव बदीउज्जमान मिर्झा होते. १५७७ च्या सुमारास सफवी राजघराण्यातील कत्तलीत त्याचा अंत झाला. मिर्झा रुस्तुम यांनी आपल्या मुलाला हेच नाव ठेवले. आपल्याकडे आजोबा-चुलत आजोबांची नावे नातवंडांना ठेवण्याची जी रीत आहे, तिच्याशी हे मिळतेजुळते आहे. मात्र नावाच्या साम्यावर एकट्याने भिस्त ठेवता येत नाही. हेरातच्या तैमुरी घराण्यातही सुलतान हुसेन मिर्झा आणि त्याचा मुलगा बदीउज्जमान मिर्झा अशी जोडी होऊन गेली. ते निराळे घराणे होते. नाव हा दुवा सुचवू शकते. तो सिद्ध करण्यासाठी स्थळ, काळ आणि समकालीन नोंद यांची जोड लागते.

काळ्या समुद्राच्या काठापर्यंत

शाह इस्माईलपाशी वंशरेषेला दोन फाटे फुटतात. पित्याच्या बाजूने ती अर्दबील येथील सूफी शेख सफीउद्दीन यांच्यापर्यंत जाते. त्यांचा काळ १२५२ ते १३३४. त्यांच्याच नावावरून 'सफवी' हे कुलनाम पडले. त्यापलीकडे सफवी राजांनी आपली वंशावळ शियांचे सातवे इमाम मूसा अल-काझिम यांच्यापर्यंत नेली. या दाव्याबद्दल विसाव्या शतकात इराणी अभ्यासक अहमद कसरवी यांनी गंभीर शंका उपस्थित केली आणि हा भाग नंतर जोडला गेला असावा, असे मत अनेक इतिहासकार मांडतात. सत्ता आली की कुळ थोर पुरुषाशी जोडण्याचा मोह जगभर दिसतो. महाराष्ट्रातील घराण्यांच्या वंशावळी तपासतानाही चितोड किंवा देवगिरीपर्यंत पोहोचणाऱ्या वरच्या पिढ्यांची छाननी स्वतंत्रपणे करावी लागते. दिलरस बानूच्या बाबतीत शेख सफीउद्दीनपर्यंतचा मार्ग ऐतिहासिक आहे; त्यापुढचा श्रद्धेचा आणि राजकारणाचा आहे.

मातेच्या बाजूचा फाटा अधिक अनपेक्षित आहे. शाह इस्माईलची आई हलीमा बेगम ही आककोयुनलू तुर्कमान राजा उझून हसन याची मुलगी. उझून हसनने १४५८ मध्ये काळ्या समुद्राच्या काठावरील ट्रेबिझाँड या ग्रीक राज्याचा सम्राट चौथा जॉन याच्या थिओडोरा नावाच्या मुलीशी विवाह केला होता. ती 'देस्पिना खातून' या नावाने प्रसिद्ध झाली आणि तुर्कमान राजाची पत्नी असूनही अखेरपर्यंत ख्रिस्ती राहिली. हलीमा बेगम ही तिचीच मुलगी. व्हेनिसचा वकील कातेरिनो झेनो हा उझून हसनच्या दरबारात गेला, तेव्हा त्याची पत्नी देस्पिना खातूनची नात्याने भाची लागत असल्यामुळे त्याचे विशेष आगतस्वागत झाले. ट्रेबिझाँडचे राज्य १४६१ मध्ये उस्मानी तुर्कांनी बुडवले. आज ते शहर तुर्कस्तानात त्राब्झोन या नावाने ओळखले जाते.

अशा रीतीने मकबऱ्यातील बेगमेपासून आठ पिढ्या मागे गेल्यास ग्रीक सम्राटाचे घर लागते. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण या टप्प्यावरचे दोन दुवे स्त्रियांचे आहेत आणि त्यांची नावे टिकून राहिली आहेत. त्या राजकन्या होत्या आणि त्यांच्या विवाहांतून राज्याराज्यांचे तह झाले, म्हणून त्यांची नोंद झाली.

दिलरस बानूच्या स्वतःच्या आईच्या बाबतीत मात्र हे घडले नाही. तिच्या आईचे नाव नौरस बानू बेगम आणि मातामहाचे नाव मिर्झा मुहम्मद शरीफ असे दिले जाते. प्रचलित वंशावळींत ही बाजू येथेच थांबते. पित्याकडून दोन शतके आणि मातेकडून दोन नावे, असे हे विषम माप आहे. आपल्याकडील वतनाच्या कागदांत, निवाडापत्रांत आणि जुन्या कुलवृत्तांतांतही हेच चित्र दिसते. हक्क पुरुषांच्या नावे चालत असल्यामुळे पुरुषांची नावे राहिली. स्त्रीचे नाव बहुधा तंटा, दत्तक किंवा दानपत्र यांच्या निमित्ताने उरले.

सोयरिकीमागील राजकारण

दिलरस बानूचा विवाह औरंगजेबाशी ८ मे १६३७ रोजी आग्रा येथे झाला. मेहेर चार लाख रुपयांचा ठरला होता. मोगल राजकुलाने या सफवी शाखेशी केलेली ही पहिली सोयरीक नव्हती. १६१० मध्ये शहजादा खुर्रमचा पहिला विवाह मिर्झा मुझफ्फर हुसेन यांच्या मुलीशी झाला होता. ती कंदाहारी बेगम या नावाने ओळखली जाते. १६३३ मध्ये शहजादा शुजाचा विवाह मिर्झा रुस्तुम यांची मुलगी बिल्किस बानू हिच्याशी झाला. दिलरस बानूची बहीण सकीना बानू ही शहजादा मुरादला दिली होती.

मराठी नात्यांच्या भाषेत सांगायचे, तर दिलरस बानूच्या वडिलांची चुलत बहीण ही तिची सावत्र सासू लागत होती, सख्खी आत्या ही तिची जाऊ होती आणि औरंगजेब व मुराद हे भाऊ तर होतेच, शिवाय साडूही होते. शाहजहानच्या चार मुलांपैकी तिघांच्या घरी एकाच कुळातील मुली नांदल्या. बिल्किस बानू १६३४ मध्ये बाळंतपणात वारली. तिची कबर बुऱ्हाणपूर येथे असून तेथील देखणी छोटी घुमटी आजही पाहता येते. आत्या आणि भाची या दोघींचा अंत बाळंतपणाशी निगडित असावा आणि दोघींच्या कबरी दख्खनच्या वाटेवरील दोन शहरांत असाव्यात, हा योगायोग मन विषण्ण करणारा आहे.

या सोयरिकींना कंदाहारची पार्श्वभूमी होती. मोगल आणि सफवी यांच्यातील वैराचे मूळ या एका किल्ल्यात होते. तो १६२२ मध्ये इराणने घेतला, १६३८ मध्ये मोगलांना मिळाला आणि १६४९ मध्ये पुन्हा इराणकडे गेला. तो परत मिळवण्यासाठी १६४९ आणि १६५२ मध्ये झालेल्या दोन मोहिमांचे नेतृत्व औरंगजेबानेच केले व दोन्ही वेळा त्याला रिकाम्या हाताने परतावे लागले. ज्या शहरावर पत्नीच्या पणजोबांनी राज्य केले, ते शहर जावयाला घेता आले नाही.

माहेरच्या या थोरवीची जाणीव दिलरस बानूला असावी. इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी तिचे वर्णन मानी आणि करारी स्त्री असे केले असून पतीवरही तिचा वचक असावा, असे त्यांचे मत आहे. तिला कधी 'इराणची राजकन्या' म्हटले जाते, ते मात्र शब्दशः खरे नाही. तिचे घराणे तिच्या जन्मापूर्वी सुमारे तीस वर्षांपासून मोगलांच्या चाकरीत होते. ती इराणी राजवंशातील होती. इराणच्या राजाची मुलगी नव्हती.

मुलांचे आजोळ

दिलरस बानूला पाच अपत्ये झाली. थोरली झेबुन्निसा १६३८ मध्ये दौलताबाद येथे, झीनतुन्निसा १६४३ मध्ये, झुब्दतुन्निसा १६५१ मध्ये मुलतान येथे, आझम १६५३ मध्ये बुऱ्हाणपूर येथे आणि अकबर ११ सप्टेंबर १६५७ रोजी औरंगाबाद येथे जन्मला. अकबराच्या जन्मानंतर महिन्याच्या आतच, ८ ऑक्टोबर १६५७ रोजी, बेगमेचे निधन झाले.

त्यानंतर वारसायुद्ध पेटले आणि माहेर व सासर यांत तेढ आली. औरंगजेब उत्तरेकडे निघाला तेव्हा शाहनवाजखानाने त्याच्याबरोबर जाण्यास टाळाटाळ केली. परिणामी त्याला बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यात अटकेत राहावे लागले. सुटकेनंतर त्याला गुजरातची सुभेदारी मिळाली. दारा शुकोह तेथे पोहोचताच तो दाराला मिळाला आणि मार्च १६५९ मध्ये अजमेरजवळील देवराईच्या लढाईत जावयाविरुद्ध लढताना ठार झाला. मुलीच्या मृत्यूला तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या कुलकथेतील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण पुढच्या पिढीचे आहे. शहजादा अकबराने जानेवारी १६८१ मध्ये पित्याविरुद्ध बंड केले. ते फसल्यावर दुर्गादास राठोडासह तो दक्षिणेत आला आणि छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयास राहिला. पालीजवळील मुक्कामात महाराजांनी त्याची भेट घेतली. बापाला पदच्युत करण्याचे त्याचे मनोरथ सिद्धीस गेले नाहीत. अखेरीस १६८७ मध्ये तो राजापूरहून जहाजाने निघाला आणि मस्कतमार्गे इस्फहान येथे शाह सुलेमानच्या दरबारी पोहोचला. हिंदुस्थानात पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा त्याने ज्या राजदरबाराचे दार ठोठावले, तो त्याच्या आईच्या वंशाचा होता. आजोळ म्हणावे असे ते घर त्याने कधी पाहिले नव्हते आणि आईचे मुखही त्याला आठवणे शक्य नव्हते. तो पुन्हा परतला नाही. इराणमध्येच त्याचा मृत्यू झाला.

दिलरस बानूची दुसरी मुलगी झीनतुन्निसा हिचे नावही मराठ्यांच्या इतिहासात येते. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर महाराणी येसूबाई आणि बाल शाहू हे मोगलांच्या छावणीत कैदेत होते. त्या दीर्घ काळात झीनतुन्निसेने शाहूंवर माया केली, असे मराठ्यांचे इतिहासकार नमूद करतात. एका भावंडाला संभाजी महाराजांनी आसरा दिला आणि दुसऱ्या भावंडाने त्यांच्या मुलाला जिव्हाळा दिला, असा हा ऋणानुबंध होता.

मकबरा आणि तारखांचा मेळ

मकबऱ्याच्या बांधकामाचा काळ अनेक ठिकाणी १६५१ ते १६६१ असा छापला जातो. बेगमेच्या मृत्यूचे वर्ष १६५७ असल्यामुळे, तिच्या स्मारकाचा आरंभ १६५१ चा मानणे सयुक्तिक वाटत नाही. तसेच ही वास्तू आझमशहाने आईच्या स्मरणार्थ बांधली, अशी समजूत रूढ आहे. आईच्या मृत्यूच्या वेळी आझम चार वर्षांचा आणि १६६१ मध्ये आठ वर्षांचा होता, हे ध्यानात घेतल्यास मूळ बांधकामाचा आदेश औरंगजेबाचा असणे स्वाभाविक ठरते. प्रवेशद्वारावरील लेखात अताउल्ला हा वास्तुशिल्पी आणि हंसपतराय हा अभियंता यांची नावे आहेत. अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते, त्या उस्ताद अहमद लाहोरी याचा मुलगा होय. बांधकामावर ६,६८,२०३ रुपये खर्च झाल्याचे गुलाम मुस्तफा याच्या 'तवारीखनामा'त म्हटले आहे.

ज्यांनी ही वास्तू उभारली त्यांची नावे दारावर कोरली गेली. जिच्यासाठी ती उभारली, तिला लोकांनी 'बीबी' या एका शब्दात सामावून घेतले. तिचे नाव दिलरस बानू. पिता मिर्झा बदीउज्जमान, माता नौरस बानू. आजोबा कंदाहारहून आलेले मिर्झा रुस्तुम. पणजोबा सुलतान हुसेन मिर्झा. खापरपणजोबा बहराम मिर्झा आणि त्यांचे पिता शाह इस्माईल. औरंगाबादेतच लिहिल्या गेलेल्या एका फारसी ग्रंथामुळे ही साखळी आज कोणालाही पडताळून पाहता येते.